कायद्याने रिकामी

"बंदूक भरलेली आहे का, डेल्फीमावशी?"

"कायद्यानं नाही."

वनरक्षक वायनेट रॅटलिफने गाडीच्या खिडकीवर टेकवलेला हात काढून घेतला आणि हसू दाबायला उगाच टोपी नीट केली. चाळिशी उलटलेली बाई. पण शाळेत असताना डेल्फीच्या हातचा मक्याचा पाव तिने सहा वर्षं खाल्ला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेल्या या म्हातारीशी खात्याच्या आवाजात बोलणं तिला अजून जमत नव्हतं.

"कायद्यानं नाही म्हणजे काय?"

"म्हणजे रंजक नाही, बार पेटवायची दारू. चकमकसुद्धा काढून खिशात ठेवलीय." डेल्फीने शेजारच्या सीटवरची गोधडी बाजूला सारली. आत मेपलच्या दस्त्याची लांबलचक बंदूक पाळण्यातल्या मुलासारखी निजली होती. "घोड्याखालची ती वाटी बघ. कोरडी ठणठणीत. वाटीत दारू नसली की गाडीत नेताना ठासणीची बंदूक रिकामी धरतात. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय."

"आणि नळीत?"

डेल्फीने समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेला कालचा बर्फ मळून राखाडी झाला होता.

वायनेटने बंदूक बाहेर घेतली, तोंड डोंगराकडे केलं आणि नळीखालचा ठासायचा गज उपसून नळीत सोडला. गजावर सुरीने दोन वळी कोरलेली होती. नळी रिकामी असली की वरचं वळं तोंडाशी येई; भरलेली असली की खालचं. खालच्या वळ्यावर गज थांबला.

"आत बार आहे, मावशी."

"आहे."

"कधीचा?"

"वर्ष झालं. आर्व्हिलनं भरलेला."

डेल्फीचा नवरा आर्व्हिल स्टिल्टनर गेल्या वर्षी हंगाम संपला त्याच रात्री झोपेत गेला, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. तिने गज हळूच काढून जागेवर सरकवला.

"मला नियमानं विचारावं लागेल. वय?"

"एकाहत्तर. पासष्टीनंतर परवाना लागत नाही, तेही पुस्तकात आहे."

"नारिंगी कपडा?"

डेल्फीने कोटाची बटणं सोडली. आत आर्व्हिलचं नारिंगी जाकीट होतं, गुडघ्याला टेकलेलं.

"ते कोटाच्या वरून घालायचं असतं, मावशी. आतून घातलं तर हरणाला नाही दिसलं तरी चालतं, पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसायला नको का?"

"मला गार वाजतं आतून."

"वरून घाला. आणि बंदुकीचं सांगा."

डेल्फीने एक श्वास घेतला आणि सांगायला लागली. "नळी एकच, आणि बार तोंडातूनच ठासायचा. नळीचं भोक अडतीसहून बारीक चालत नाही. ही पन्नासची आहे. गोळी एका वेळी एक. दुर्बीण नाही, नुसती माशी..." बोलता बोलता प्रत्येक वाक्याचा शेवट जरा वर चढत होता आणि मग ओढत खाली येत होता.

"हे गाऊन काय सांगताय?" वायनेटने विचारलं.

डेल्फी एकदम थांबली. आपण गात होतो हे तिला कळलंच नव्हतं.

आर्व्हिल हे नियम असेच वाचायचा. दर ऑगस्टमध्ये दुकानाच्या गल्ल्यावर शिकारीच्या नियमांचं फुकट पुस्तक येई. ते तो घरी आणून बायबलाशेजारी ठेवी आणि जेवणं झाली की उभा राहून वाचे. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत प्रवचन बोलून होत नसे. सांगणारा आधी अडखळत, साध्या आवाजात सुरुवात करी. मग देवाचा वारा अंगात शिरला की शब्दांना सूर फुटे, ओळीमागून ओळ चढत जाई, आणि बाकांवर बसलेली माणसं मध्ये मध्ये "खरं आहे, भाऊ" म्हणून टेकू देत. डेल्फीचा जीव त्या सुरात होता. आपल्याला स्वर्ग मिळाला तर तिथे कुणी नुसतं बोलून सांगणारं नसावं, एवढंच तिचं मागणं होतं. आर्व्हिलला प्रवचन कधी साधलं नाही. तो आयुष्यभर खाणीतले पाण्याचे पंप दुरुस्त करत आला. पण शिकारीचे नियम हातात पडले की तो डोळे मिटून, हात हलवत, त्याच सुरात म्हणे, "आणि एका वेळी एकच गोळी, हो, एकच गोळी..." आणि डेल्फीने भांडी घासता घासता म्हणायचं, "खरं आहे, भाऊ." पाप होतं की नाही कोण जाणे. हसून हसून तिच्या हातातली ताटली निसटायची.

"चाललात कुठे?" वायनेटने विचारलं.

"वर. हेमलॉकच्या खोडाकडे. रेवा सोमवारी येतेय, मला कोलंबस शहरात न्यायला. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे हिचं काय काम? आर्व्हिल म्हणायचा, माझ्यामागं बंदूक होबर्टला दे. दुकानात ठेवून जाईन, तो नेईल. पण आतला बार..." ती थांबली. "दुकानवाला म्हणाला, इथे आणा, गजाला स्क्रू लावून गोळी पिळून काढतो. मला ते नकोय. जिथे सोडायचा म्हणून ठासला, तिथेच तो सुटावा."

वायनेटने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आज हंगामाचा शेवटचा दिवस. सूर्य मावळल्यावर अर्धा तास. म्हणजे पाच चौतीस. तोवर खोडावर बार मोकळा केलात तर माझी ना नाही. त्यानंतर सरकारी रानात आवाज झाला तर मला वर यावं लागेल. आणि मला यायचं नाहीये, मावशी."

"नको येऊस."

"पण एकट्यानं नका मारू. वर्षाचा बार आहे. वर होबर्टकाका असतील या वेळेला."

"म्हणून तर लवकर निघाले होते," डेल्फी गाडी चालू करत म्हणाली. "तूच अडवलंस."

*

रस्ता संपला तिथे गाडी ठेवून ती चढायला लागली. एका खांद्यावर बंदूक, गळ्यात रंजकेचं छोटं शिंग, हातात आर्व्हिलची काठी. वीस मिनिटांची वाट तिला चाळीस मिनिटं लागली.

हेमलॉकचं ते झाड वीज पडून मोडलं होतं, तिच्या लग्नाच्याही आधी. उरलेलं खोड पुरुषभर उंच. ठासणीची बंदूक एकदा भरली की आतला बार सहजी काढता येत नाही. म्हणून हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी, हरीण मिळो न मिळो, आर्व्हिल आणि त्याचा शिकारीतला सोबती होबर्ट इथे येत आणि आपापला बार खोडात मोकळा करत. आधी होबर्ट, मग आर्व्हिल. खाली, ओढ्याकाठच्या घरात, डेल्फी चुलीशी उभी राहून कान देई. एक आवाज. मग दुसरा. दुसरा झाला की ती बीन्सचं भांडं परत गरम करायला ठेवी. ते उकळेपर्यंत दारात पावलं वाजत. चाळीस वर्षं हा हिशेब चुकला नाही.

गेल्या वर्षी एकच आवाज आला.

आर्व्हिल परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्याला मातीचा रंग आला होता. "बार तसाच राहिला गं. छातीत जड वाटलं, म्हटलं घर गाठावं. उद्या मोकळा करतो." त्याने वाटीतली रंजक फुंकून टाकली, बंदूक दारावरच्या खुंट्यांवर चढवली आणि खोकत खोकत, तसल्याही अवस्थेत, सूर लावून म्हणाला, "आणि आता ती कायद्यानं रिकामी, हो, रिकामी..."

डेल्फीने "खरं आहे, भाऊ" म्हटलं नाही. दोघांत चार दिवस धुसफूस चालू होती. गोळीभोवती गुंडाळून ठासायला कापडाची चिंधी लागते. त्या चिंध्या दर वर्षी डेल्फी कापून द्यायची. उशीच्या जुन्या जाड अभ्र्याच्या, मोठ्या नाण्याएवढ्या गोल, चरबीत भिजवलेल्या. गेल्या हंगामात तिची बोटं आखडली होती. कात्री धरली की डोळ्यांपुढे काजवे चमकत. बोटं दुखतात म्हणायचं सोडून ती म्हणाली, "चाळीस वर्षं कापल्या. यंदा तुझं तू बघ." त्यानेही बघितलं. काय बघितलं ते तिने विचारलं नाही.

पहाटे तो उठला नाही.

आणि मग तो शर्ट. रविवारचा, पांढरा, त्याला पुरताना घालायचा म्हणून तिने इस्त्रीच्या फळीवर पसरला, तेव्हा मागची शेपटी, म्हणजे विजारीत खोचायचा भाग, कापलेला दिसला. तळहाताएवढा तुकडा, सुरीने वाकडातिकडा काढलेला. त्या डोंगरात त्याचा अर्थ एकच. हरणावरचा नेम चुकला की सोबती त्या माणसाच्या शर्टाची शेपटी कापतात आणि दुकानाच्या तुळईला खिळ्याने ठोकतात. वर्षानुवर्षांच्या शेपट्या तिथे लोंबतात, त्यावर नावं, साल. सगळे हसतात. ज्याची कापली तोही हसतो.

आर्व्हिल हसला नव्हता. त्याने लपवलं होतं. शेवटच्या आठवड्यात त्याचा नेम चुकला, होबर्टने त्याच्या देवळातल्या शर्टाची शेपटी कापली, आणि तिचा नवरा ती लाज एकट्याने घेऊन झोपी गेला. असं डेल्फीने मनाशी धरलं. शर्ट तिने तसाच घातला, शेपटी स्वतः खोचली. मंडळीत गाण्याची ओळ द्यायचं, म्हणजे आधी एकट्याने म्हणून मग सगळ्यांकडून गाऊन घ्यायचं काम होबर्टकडे. थडग्याशी त्यानेच ओळ दिली, डोळे पुसत दिली, आणि शर्टाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून डेल्फी त्याच्याशी बोलली नव्हती. ज्या देवळात गाणं त्याच्या आवाजाने सुरू होतं तिथे ती पाऊलही टाकीना. मंडळी महिन्यातून एकदा भरायची. त्या रविवारी ती गाडी देवळाबाहेर ओकच्या झाडाखाली उभी करी, काच चार बोटं खाली घेई आणि आतून येईल तेवढं ऐके. आतली माणसं ओळ उचलत. गाडीत ती एकटी उचले. थंडीत शेवटच्या ओळीपर्यंत काचेवर तिच्याच श्वासाचं धुकं धरे.

*

पाच वाजून गेले होते. होबर्ट दिसत नव्हता. बरं झालं, असं ती स्वतःला म्हणाली.

बंदूक कशी चालवायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या टेबलावर जे चालतं ते बायकांना न शिकता येतं. तिने खिशातली चकमक काढली, चामड्याच्या तुकड्यात धरून घोड्याच्या जबड्यात बसवली, स्क्रू आवळला. शिंगातून वाटीत रंजक ओतली. अर्धीच. काठोकाठ भरली की आग आळसावते, असं तो म्हणायचा. झाकण लावलं. नळी एका फांदीच्या दुबेळक्यात टेकवली, दस्ता खांद्याला लावला. दस्त्याला त्याच्या गालाचा तेलकटपणा अजून होता. की तिला तसं वाटलं.

चाप ओढला. ठिणगी पडली, वाटीतली रंजक फस्सदिशी पेटली, धुराचा एक गोळा नाकात गेला. आणि काहीच झालं नाही.

"नळी हलवू नकोस, डेल्फी."

आवाज मागून आला. मोठा नव्हता, पण चढावरून खाली ओढ्यापर्यंत पोचावा असा होता. शंभर माणसांना ओळ देणाऱ्याचा आवाज.

"खांद्यावरच राहू दे. कधी कधी आत निखारा धुमसत असतो. साठ मोज."

ती तशीच उभी राहिली. तिच्या डाव्या हाताला, चार पावलं मागे, होबर्टची पावलं बर्फात रुतून थांबल्याचं तिला ऐकू आलं. तिने मोजायला सुरुवात केली. अकरापर्यंत आली आणि पुढचा आकडा सापडेना.

"शर्ट का कापलास?" ती खोडाकडे बघतच म्हणाली.

"कुठला शर्ट?"

"सोंग करू नकोस. रविवारचा. पांढरा. त्याची शेपटी. त्याच शर्टात पुरलाय मी त्याला."

मागे बर्फ करकरला.

"किती झाले?" होबर्टने विचारलं.

"काय?"

"आकडे गं. बावीस की तेवीस?"

"तीस."

"डेल्फी, मी आर्व्हिलची शेपटी उभ्या जन्मात एकदा कापली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी. लाल चौकड्यांचा शर्ट होता, दुकानाच्या तुळईला अजून आहे, जाऊन बघ. त्यानंतर त्याचा नेम चुकला नाही. चुकला असता तर मी गप्प बसलो असतो का? खोरंभर दवंडी पिटली असती."

"मग कुणी कापली?"

"मला काय ठाऊक. आणि मला सांग, रविवारचा शर्ट घालून डोंगरात कोण चढतं?"

वर्षभर तिने तो राग रोज पुसून, तेल लावून ठेवला होता. ही एवढी साधी गोष्ट एकदाही तिच्या ध्यानात आली नव्हती.

"त्यासाठी तू..." होबर्टला पुढे बोलता येईना. मग तो जरा रागानेच म्हणाला, "विचारायचं तरी. बाई माणूस नवऱ्याशी आठ दिवस अबोला धरतं. तू माझ्याशी वर्षभर धरलास, आणि मी तुझा कुणी लागतसुद्धा नाही."

"साठ झाले," डेल्फी म्हणाली.

"मग खाली घे. मी मारू?"

"नाही."

त्याने पुन्हा विचारलं नाही. टोपीच्या पट्टीतून बारीक सुई काढून तिच्या हातात दिली. वाटीतून नळीत जाणारं भोक, त्याला कान म्हणतात, तो कान राखेने बुजला असणार. डेल्फीने सुई कानाशी धरली. ती निसटली. दुसऱ्यांदा धरली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा तिने ती सुई होबर्टपुढे केली.

"तू घाल. बोटं ऐकत नाहीत माझी."

हे एवढं वाक्य. गेल्या वर्षी हेच बोलली असती तर काय बिघडलं असतं, असं तिच्या मनात आलं.

होबर्टने कान साफ केला, वाटी पुसली, बाजूला झाला. रंजक तिने स्वतः ओतली. खाली दरीत काळोख साचायला लागला होता. वर खोडाच्या माथ्यावर अजून थोडं उजेडाचं बोट टेकलेलं होतं. पाच वाजून एकोणीस मिनिटं, होबर्ट म्हणाला. नळी दुबेळक्यात, दस्ता खांद्याला. आता तिला घाई नव्हती. बार सुटला की आर्व्हिलच्या हातचं न संपलेलं असं जगात काही उरणार नव्हतं. भरणीतलं लोणचं संपलं होतं, रचलेली लाकडं जळून गेली होती. फक्त एवढं होतं. ती हवेत श्वासाची वाफ सोडत उभी राहिली, आणि होबर्टनेही घाई केली नाही.

मग तिने चाप ओढला.

आवाज डोंगराच्या या कुशीवरून त्या कुशीवर गेला आणि परत आला. खांद्याला दणका बसला. ती दोन पावलं मागे आली, पण पडली नाही. खोडातून एक ढलपी उडाली. पांढरा धूर तिच्याभोवती उभा राहिला, आणि त्या धुराला वास होता, त्याच्या कोटाचा, डिसेंबरातल्या शनिवारांचा. ती त्यातून बाहेर आली नाही. धूरच हळूहळू तिच्यातून निघून गेला.

"लागली," होबर्ट म्हणाला. "जरा डावीकडे, पण लागली. शेपटी वाचली तुझी."

तिला हसू आलं. मग ते हसूच राहिलं नाही, आणि होबर्टने दुसरीकडे तोंड करून आपल्या शिंगाचं झाकण उगाच तपासलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "चिंधी शोधू. वर्षभरात नळी आतून किती खाल्लीय ते चिंधी सांगते."

गोळी पुढे जाते, चिंधी मागे पडते, पंधरा-वीस पावलांवर. दोघे वाकून बर्फ बघत चालले, जत्रेत नाणं हरवलेल्या म्हाताऱ्यांसारखे. डेल्फीला ती आधी दिसली. बर्फावर काळा ठिपका, त्यातून बारीक धूर. तिने हातमोजा काढून ती उचलली. मधोमध जळून काळी झाली होती. कडा शाबूत होत्या. उशीच्या अभ्र्याचं जाड पट्ट्यांचं कापड नव्हतं. पांढरं होतं, मऊ. एका कडेला दुमडलेली शिवण होती, आणि शिवणीत आकाशी दोरा.

पांढरा दोरा संपला होता त्या दिवशी. दुकान बंद. विजारीत खोचलं की कुणाला दिसतंय, असं म्हणून तिने आर्व्हिलच्या नव्या शर्टाची खालची पट्टी आकाशी दोऱ्याने घातली होती.

विजारीत खोचलं की कुणाला दिसतंय. त्यानेही हेच म्हटलं असणार, सुरी घेऊन कपाटासमोर उभा राहून.

तिने चिंधी होबर्टपुढे धरली. त्याने चष्मा कपाळावर सारून पाहिली आणि आकाशी दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"घट्ट विणीचं कापड आहे," तो म्हणाला. "चांगलं निवडलं त्यानं."

"गाढव होता," डेल्फी म्हणाली.

"होता."

"अभ्रे दुसऱ्या खणात होते. विचारायचं तरी."

होबर्टने तिच्याकडे पाहिलं.

तिने बंदूक त्याच्या हातात दिली. तो घेईना, मग घेतली. तान्हं मूल धरतात तशी आडवी धरली. "आजच गरम पाण्यानं धुऊन काढ," ती म्हणाली, "तशीच ठेवलीस तर सकाळपर्यंत गंजेल." हे त्याला तिने सांगायची गरज नव्हती. तो "हो" म्हणाला.

"उद्या आपला रविवार आहे," होबर्ट म्हणाला.

"ठाऊक आहे."

"तुझी गाडी दिसते मला. ओकखाली. काच चार बोटं खाली असते." त्याने घसा साफ केला. "म्हणून तर वर्षभर दाराकडे तोंड करून ओळ देतोय. मंडळीचे एल्डर म्हणतात, होबर्ट, तू बाकांकडे पाठ का करतोस. म्हटलं, मान दुखते."

डेल्फीने हातमोजा चढवला. चिंधी आत, तळहाताशी. तिची ऊब अजून होती, की आता हाताचीच होती, ते सांगता येत नव्हतं.

"तुझा बार राहिलाय," ती म्हणाली. "वेळ होतेय."

"तू खाली निघ. अंधार पडेल. मी मारून येतो मागून."

ती काठी टेकत उतरायला लागली. वळणावरून ओढ्याकाठचं तिचं घर दिसत होतं, वाकलेलं धुराडं, व्हरांडा, स्वयंपाकघराची खिडकी. रेवाने पाठवलेली रिकामी खोकी व्हरांड्यात एकावर एक रचलेली. ती तिथे थांबली.

वर होबर्टच्या बंदुकीचा आवाज झाला. दुसरा. तो दरीत उतरला, ओढ्यावरून गेला, घराच्या भिंतीला लागला.

सवयीने डेल्फीने खिडकीकडे पाहिलं. आत अंधार होता. चुलीशी कुणी उभं नव्हतं. ती तरीही थोडा वेळ थांबली, भांडं उकळायला लागतो तेवढा. मग मूठ मिटून उतरायला लागली.